मिस्त्रीचा कान

मिस्त्री हातोडी घेऊन डेकवर ओणवा झाला, की शेडमधली माणसं आपोआप गप्प व्हायची. रंधा थांबायचा, रेडिओ बंद व्हायचा, ज्याला खोकला आला असेल तो बाहेर जाऊन खोकायचा. मग मिस्त्री आपली लाकडी हातोडी वीतवीतभर अंतरानं फळीवर टेकवत पुढं सरकायचा. निरोगी फळी खणखणीत बोलते, आतून कुजलेली बद्द बोलते. वरून रंग कितीही चकचकीत असला तरी मिस्त्रीच्या कानाला फसवणं आजवर कुठल्या लाकडाला जमलेलं नव्हतं. खाडीच्या दोन्ही काठांवर त्या कानाचं नाव होतं. मिस्त्री स्वतः कधी बढाई मारायचा नाही, पण दुसऱ्यानं मारली तर अडवायचाही नाही.

त्या कानाचं आता काय झालंय हे फक्त त्यालाच माहीत होतं, निदान त्याची तशी समजूत होती. दीड वर्षापूर्वी आधी रातकिड्यांची किरकिर गेली. मग खिशातल्या फोनची घंटा गेली. मग एक दिवस एका होडीवर ठोकता ठोकता त्याच्या लक्षात आलं, की सगळ्या फळ्या एकाच आवाजात बोलताहेत. तो तसाच ओणवा राहिला. शेडमधली माणसं श्वास रोखून वाट बघत होती, म्हणून त्यानं अंदाजानं एका फळीवर खडूनं गोल काढला. नशिबानं ती फळी कुजकीच निघाली. तेव्हापासून तो नजरेवर काम भागवत होता. सांध्याजवळचा काळा डाग, गंजलेल्या स्क्रूभोवतीची ओल, पायाखाली जरा दबणारी जागा, आणि बोलणाऱ्या माणसाचे ओठ. हातोडी नुसती दाखवायला.

खाडीपलीकडं उतारू नेणाऱ्या तरवाली बाईंची बोट ओढून शेडमध्ये आणली, तेव्हा पाऊस संपत आला होता. खाडीपलीकडे शाळा होती, दवाखाना होता, आणि पलीकडे जायला या एका बोटीशिवाय दुसरी सोय नव्हती. तरवाली स्वतः बोट चालवायची, स्वतः दोर फेकायची आणि उतारूंना स्वतःच दरडावायची. तिनं सांगून टाकलं होतं, "पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सुट्टी संपून शाळा उघडते. पोरांना पोहत पाठवू का मी?"

मिस्त्री ठोकत ठोकत नाळेकडून, बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मागं आला. त्याच्या पाठोपाठ गुडघ्यांवर सरकत त्याचा धाकटा भाऊ येत होता. या भावाला सगळे मिलिग्रॅम म्हणायचे. आठ वर्षांपूर्वी, कापूस आणि डांबर भरून फळ्यांच्या फटी बंद करायच्या काळात, यानंच इपॉक्सीचे, दोन द्रव मिसळून दगडासारखं घट्ट होणाऱ्या गोंदाचे, डबे पहिल्यांदा शेडमध्ये आणले. एका डब्यातल्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा ते तो काट्यावर तोलून घ्यायचा. बाकीचे डोळ्यांच्या अंदाजानं ओतायचे, हा एक ग्रॅम जास्त पडला तर काडीनं काढायचा. त्याचं लग्न जमता जमता राहून गेलं, तेसुद्धा काटा दोन्हीकडं सारखा होईना म्हणून, असं लोक म्हणायचे. तो हसायचा. त्याला हसून घ्यायची सवय होती.

उतारू जिथून बोटीत पाय टाकतात, त्या जागेवर मिस्त्रीनं तीनदा ठोकलं आणि तो पुढं सरकला.

"दादा, इथं पुन्हा ठोक की जरा," धाकटा त्याचा सदरा ओढून, फळीवर बोट ठेवून म्हणाला.

"का?"

"मला बद्द वाटलं."

मिस्त्रीला त्याचे ओठ दिसले, बोट दिसलं. फळी वरून कोरडी ठाक होती, एक डाग नव्हता. त्यानं पुन्हा ठोकलं. काही नाही. उशीवर ठोकावं तसं सगळं सारखंच. आजूबाजूला चार माणसं उभी होती, तरवाली कमरेवर हात ठेवून बघत होती.

"तू कधीपासून कान लावायला लागलास?" मिस्त्री म्हणाला. "मी ग्रॅम मोजायला येतो का तुझे? मग."

माणसं हसली. धाकटाही हसला. मिस्त्रीनं त्या फळीवर खडूनं बरोबरची खूण केली आणि हात झटकले.

एकूण सात गोल निघाले. पुढचे चार दिवस दोघं भाऊ ते सात तुकडे कापून काढत होते. पटाशीच्या टोकाशी ओला, तपकिरी लगदा यायचा, त्याला तळघरासारखा वास होता. चांगलं लाकूड लागेपर्यंत खणायचं, मग बल्ब टांगून वाळवायचं. धाकटा वाळलेल्या जागेवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा आणि सकाळी उचलून आतल्या अंगाला बोट फिरवायचा. बोट ओलं झालं, की आणखी एक दिवस बल्ब. "ओलं लाकूड आत बंद केलं, तर वरून किल्ला बांधला तरी आतून कुजणारच," हे तो इतक्यांदा म्हणायचा, की मिस्त्रीची बायको चहा घेऊन आली की त्याच्याआधी तीच म्हणून टाकायची. प्लास्टिकचे तुकडे अर्थातच गोल काढलेल्या जागांवरच लागले. दादानं बरोबरची खूण केल्यावर तिथं तपासायचं म्हणजे दादाच्या कानाखाली मारण्यासारखंच होतं.

मग मिश्रण. शंभर ग्रॅम रेझिनला चाळीस ग्रॅम हार्डनर. बुडातून, काठावरून, कोपऱ्यातून दोन मिनिटं ढवळायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं, कारण खोल डब्यात राहिलं तर ते तापून धुरायला लागतं. आधी पातळ हात, लाकूड पिईल तेवढा पाजायचा. मग त्यातच लाकडाचं पीठ कालवून लापशीसारखं घट्ट करायचं आणि खड्डे भरायचे. स्क्रूची भोकं मोठी करून, रेझिननं भरून, घट्ट झाल्यावर त्यातच पुन्हा बारीक भोक पाडायचं, म्हणजे स्क्रूबरोबर उतरलेलं पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. शेवटी सगळ्या डेकवर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून वरून तीन हात.

हवा दमट होती. प्रत्येक हात वाळला, की त्यावर तुपकट थर यायचा. तो धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. मिस्त्री, त्याची बायको आणि धाकटा, तिघं बादल्या घेऊन गुडघ्यांवर बसून डेक घासत. मिस्त्रीच्या बायकोचे गुडघे सुजले. तिनं ते कुणाला दाखवले नाहीत, फक्त उठताना बोटीचा काठ धरला.

धाकट्याची आणखी एक रीत होती. प्रत्येक मिश्रणातलं उरलेलं रेझिन तो कागदी कपात ठेवायचा, कपावर तारीख आणि जागा लिहायचा, आणि फळीवर ओळीनं मांडायचा. कप कडक झाला म्हणजे डेकही कडक झाला. मिस्त्री म्हणायचा, "लोक देव मांडतात, आमच्याकडं कप." पण गिऱ्हाईक आलं, की तोच कौतुकानं ती ओळ दाखवायचा.

सूर्यप्रकाशानं रेझिन खराब होऊ नये म्हणून वरून राखाडी रंग चढला आणि चौदाव्या दिवशी बोट पाण्यात गेली. तरवालीनं डेकवर दोनदा पाय आपटला आणि कधी नव्हे ते म्हणाली, "झक्कास झालंय." मिस्त्री धाकट्याकडं न बघता म्हणाला, "आमचं काम आहे ते."

नऊ दिवस बोट चालली.

दहाव्या दिवशी सकाळी धाकटा सँडपेपर आणायला बाजारात गेला होता. मिस्त्री शेडमध्ये एकटा होता. तरवाली आत आली. तिचा एवढा संताप मिस्त्रीनं कधी पाहिला नव्हता, कारण ती ओरडत नव्हती.

"शाळेतल्या बाईंचा पाय गेला आत," ती म्हणाली. "चढतानाच. नडगीपर्यंत. तीस माणसं धक्क्यावर उभी. पाय काढला तर सालटं निघालेली, चप्पल आतच राहिली. बाई आधी हसल्या आणि मग रडायला लागल्या. नवा डेक आहे ना तो? नऊ दिवसांत?"

कुठं ते मिस्त्रीनं विचारलंच नाही. त्याला ठाऊक होतं. खडूची ती खूण त्याच्या डोळ्यांसमोर आली, आपल्याच हातची, किती झोकात काढलेली. आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघालं, ते निघण्याआधी त्यानं विचार केला होता असंही म्हणता येत नाही.

"मिश्रण बिघडलं असणार," तो म्हणाला. "हार्डनर कमी पडला, की कच्चं राहतं."

"म्हणजे तुझा भाऊ."

मिस्त्रीनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, हे नंतर त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तरवालीला ती पुरली.

ती धक्क्याकडं परत गेली आणि मिस्त्री कपांच्या ओळीसमोर जाऊन उभा राहिला. 'पुढची बाजू, चढायची जागा' असं लिहिलेला कप त्यानं उचलला. नखानं दाबला, दातानं चावला. दगड होता. हा कप धाकट्यानं पुढं केला असता, तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि लोक विचारत विचारत खडूच्या खुणेपर्यंत आले असते. मिस्त्रीनं शेडच्या मागच्या दारातून कप खाडीत भिरकावला. पाण्यात पडल्याचा आवाज त्याला आला नाही. फक्त वर्तुळं दिसली. उरलेले कप त्यानं सरकवून जवळजवळ मांडले, मधली जागा दिसू नये म्हणून.

आपण काय केलं हे त्याला पुरतं कळत होतं.

धाकट्याला धक्क्यावरच कळलं. तो धावत आला, मागून तरवाली आणि आणखी पाचसहा माणसं. "कच्चं राहणं शक्य नाही," तो म्हणत होता, "कप बघा ना, त्या दिवसाचा कप आहे माझ्याकडं." तो ओळीवरून बोट फिरवत गेला. परत आला. पुन्हा गेला. फळीखाली वाकून पाहिलं. मिस्त्री रंध्याचं पातं पुसत होता, केव्हाचं पुसत होता.

"दादा, इथला कप?"

"मला काय माहीत तुझे कप."

धाकटा उभाच राहिला. लोकांपैकी कुणीतरी म्हणालं, "मिलिग्रॅमचा किलोग्रॅम झाला वाटतं," आणि हशा पिकला. या वेळी तो हसला नाही.

"ठेवला नसेन मी," तो अगदी हळू म्हणाला. हे मिस्त्रीला त्याच्या ओठांवरून कळलं.

तरवाली म्हणाली, "उद्या बोट वर घेते. मिस्त्री, तू दुरुस्त कर. पण याचा हात त्या डब्यांना लागता कामा नये. माझ्या बोटीला नाही आणि कुणाच्याच नाही, मी सांगणार आहे सगळ्यांना."

संध्याकाळी धाकटा स्वयंपाकघरातच काटा घेऊन बसला. शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं, शंभर दाखवलं. मीठ तोललं, साखर तोलली, पुन्हा वजन ठेवलं. ताट वाढून तसंच पडलं होतं.

"काटा बरोबर आहे, वहिनी," तो म्हणाला. "मग मीच चुकलो. कप ठेवायला विसरलो म्हणजे त्या दिवशी माझं लक्षच नव्हतं. पण मला आठवतंय ना ठेवलेला. हेच कळत नाही मला. मला तर आठवतंय."

"जेवा आधी, भावोजी."

"मागच्या वर्षीच्या होड्यांचं काय? त्यांतही असंच केलं असेल तर? माणसं आहेत त्यांत."

तो न जेवताच उठला आणि ओसरीवर जाऊन बसला. मिस्त्रीनं मुकाट्यानं पुढचा घास उचलला. बायकोनं दार लोटून घेतलं, त्याच्या समोर येऊन बसली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून बोलली.

"ती फळी तुम्हाला ऐकू आली नव्हती ना?"

मिस्त्रीचा हात ताटातच राहिला.

"वर्षभर मी मोठ्यानं बोलते, ते काय मला हौस आहे? दारावर कुणी आलं की तुमच्या आधी मी उठते. तुम्ही सांगाल, तुम्ही सांगाल म्हणून गप्प राहिले. तुम्हाला लाज वाटत होती, म्हटलं वाटू दे, माणूस आहे. पण ते बाहेर बसलेत त्यांच्याकडं बघा एकदा."

"सांगतो उद्या," मिस्त्री म्हणाला.

"आज का नाही?"

त्यानं ताट सरकवलं. कपाचं तर त्यानं तिलाही सांगितलं नाही. तेवढं धैर्य बायकोसमोरही झालं नाही, आणि ज्या बाईनं आपली लाज वर्षभर पदराआड ठेवली तिच्यापासूनही आपण चोरी ठेवतो आहोत, या विचारानं तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

सकाळी बोट उतारावर ओढलेली होती. पलीकडे जायचं म्हणून आलेली माणसं तिथंच खोळंबली होती. शाळेतल्या बाईही होत्या, पायाला पट्टी बांधून दगडावर बसलेल्या. मिस्त्रीनं त्यांच्या बाजूनं जायचं टाळलं.

धाकट्यानं काट्याचा डबा त्याच्या हातात दिला. "तू मोज. शंभराला चाळीस. मी फळी उपसतो."

"ऐक," मिस्त्री म्हणाला.

"नंतर, दादा. माणसं खोळंबलीत."

तो पटाशी आणि हातोडी घेऊन डेकवर चढला. मिस्त्री डबा छातीशी धरून त्याच्या मागं उभा राहिला. धाकट्यानं फुटलेल्या कडेखाली पटाशी घातली आणि दाबली. काचेच्या कापडासकट रेझिनचा वीतभर पापुद्रा निघाला, कडक, कडेला काचेसारखा धारदार. तो त्यानं उजेडाकडं धरला, वाकवून पाहिला. वाकेना. मग त्यानं खाली हात घातला. मूठभर लाकूड वर आलं ते पिळता येईल इतकं ओलं होतं. बोटांमधून काळं पाणी गळलं.

धाकट्यानं ती मूठ तशीच धरून ठेवली. मग त्यानं हातोडी उचलून शेजारच्या फळीवर ठोकलं, त्याच्या पलीकडच्या फळीवर ठोकलं, पुन्हा पहिल्यावर ठोकलं. मान वळवून त्यानं मिस्त्रीकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मिस्त्रीला सोसला असता. तिथं दया होती. दीड वर्षाचं सगळं त्या नजरेला एका झटक्यात उमगलं होतं, गप्प बसलेली शेड, खडूचे गोल, "तू कधीपासून कान लावायला लागलास".

"काय निघालं रे?" तरवालीनं खालून विचारलं.

धाकट्यानं मूठ हळूच भोकातून आत सोडली, हात चड्डीला पुसला आणि उठला. मिस्त्रीकडं पाठ करून तो लोकांना काहीतरी बोलला. थोडंच. मिस्त्रीला त्याची पाठ दिसत होती, हलणारे खांदे दिसत होते, आवाज नुसता घरघरल्यासारखा येत होता. खाली तरवालीनं मान डोलावली. कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. दोघं हसले. शाळेतल्या बाईंनी मान दुसरीकडं वळवली.

"काय म्हणाला हा?" मिस्त्रीनं विचारलं.

कुणी उत्तर दिलं असलं तरी त्याला कळलं नाही.

"काय म्हणाला? मला ऐकू आलं नाही."

तरवालीनं तोंडापाशी हातांचा कर्णा करून ओरडून सांगितलं, "म्हणतो, चूक माझीच! हार्डनर घालायचाच विसरलो म्हणतो! तुझ्या शेजारी उभं राहून बोलला की."

धाकट्यानं वळून त्याला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मिस्त्रीला दिसलं, की आता गप्प राहिलं तर खरंच सगळं मिटतं. भाऊ आयुष्यभर हसं सोसेल आणि कधी एक शब्द काढणार नाही. ते इतकं सोपं होतं, की त्याला स्वतःची किळस आली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आवाज किती लहानमोठा निघाला ते त्याला कळेना, म्हणून पुन्हा म्हणाला. "दीड वर्ष झालं. फळी कुजकी होती. यानं मला सांगितलं होतं, बद्द वाटतंय म्हणून. मी बरोबरची खूण केली. याचं मिश्रण चोख होतं."

उतारावर एकदम शांतता झाली, ती मात्र त्याला कळली. सगळ्यांचे ओठ मिटलेले होते.

तरवाली दोन पावलं पुढं आली आणि सावकाश, त्याला कळेल असं बोलली. "मग दीड वर्ष हातोडी घेऊन करत काय होतास?"

"नुसता ठोकत होतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. धाकट्यानं त्याच्या दंडाला धरलं, बस झालं दादा, असं काहीतरी म्हणत तो त्याला खाली न्यायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर कसली तक्रार नव्हती. बहिऱ्या भावाला त्यानं केव्हाच माफ करून टाकलं होतं. मिस्त्रीनं दंड सोडवून घेतला.

"कप तू ठेवला होतास," तो म्हणाला. "तो मी खाडीत टाकला."

धाकट्याचा हात हवेतच राहिला. तो मिस्त्रीच्या तोंडाकडं बघत राहिला, मग डब्याकडं, मग पुन्हा तोंडाकडं. रात्रभर ओसरीवर जागून त्याचे डोळे लाल झाले होते.

"घट्ट होता?" त्यानं शेवटी विचारलं. मिस्त्रीला समजावं म्हणून त्यानं हे दोन शब्द तोडून, ओठ मोठे करून विचारले.

"दगडासारखा."

धाकट्यानं मान हलवली. मिस्त्रीच्या हातातला डबा काढून घेतला, झाकण उघडून काटा जागेवर आहे का पाहिलं, आणि तो घेऊन बोटीच्या पुढच्या टोकाला गेला. खाली ठेवलेल्या पेटीतला खडूचा तुकडा त्यानं तरवालीकडं मागितला. मग तो नाळेपासून फळ्या ठोकायला लागला, आणि खालच्या माणसांनी बोलणं थांबवलं. मिस्त्रीला हातोडी वरखाली होताना दिसत होती. एक गोल निघाला, मग दुसरा, दोन्ही अशा जागी जिथं मिस्त्रीनं बरोबरची खूण केली होती. तिसऱ्या गोलापाशी आल्यावर धाकटा म्हणाला, "बाजूला हो," आणि मिस्त्री त्या फळीवरून उतरला.